झेंग यी साओ

झेंग यी साओ (जन्म : इ.स. १७७५ च्या सुमारास. मृत्यू : इ.स. १८४४) ही दक्षिण चीनच्या समुद्रातील चाच्यांच्या सर्वांत मोठ्या संघाची प्रमुख होती. पाश्चात्य लेखनात ती चिंग शी या नावाने अधिक ओळखली जाते. पती झेंग यी याच्या मृत्यूनंतर, इ.स. १८०७ ते १८१० या काळात, ग्वांगदोंग प्रांताच्या किनाऱ्यावरील शेकडो गलबते आणि हजारो चाचे तिच्या हुकमतीखाली होते. छिंग साम्राज्याचे आरमार, पोर्तुगीजांची मकाव येथील जहाजे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी यांपैकी कोणालाही तिचा निर्णायक पराभव करता आला नाही. इ.स. १८१० मध्ये तिने स्वतः वाटाघाटी करून सरकारकडून माफी मिळवली, चाचेगिरी सोडली आणि त्यानंतर चौतीस वर्षे जगून वृद्धापकाळी तिचा मृत्यू झाला. जगाच्या इतिहासात स्त्री चाच्यांची जी नावे नोंदली गेली आहेत, त्यांत एवढ्या मोठ्या दलाचे नेतृत्व केलेले दुसरे नाव आढळत नाही.

नाव

झेंग यी साओ हे तिचे जन्मनाव नव्हे. झेंग हे तिच्या सासरचे कुलनाम आणि यी म्हणजे पहिला. साओ हा शब्द थोरल्या भावाच्या पत्नीसाठी वापरला जातो. मराठीतील वहिनी या शब्दाशी तो अगदी जवळचा आहे. झेंग यीच्या हाताखालचे लोक त्याला थोरल्या भावाचा मान देत असल्याने त्याची पत्नी साहजिकच सर्वांची वहिनी ठरली आणि हेच संबोधन पुढे तिचे नाव म्हणून रूढ झाले. चिंग शी या नावाचा अर्थही झेंग घराण्यातील स्त्री एवढाच आहे. तिचे मूळ नाव शी यांग किंवा शी श्यांगगू असल्याचे सांगितले जाते. चिनी दफ्तरांत तिचा उल्लेख बहुधा कोणाची तरी पत्नी असाच येतो.

पार्श्वभूमी

ग्वांगदोंगचा किनारा असंख्य बेटे, खाड्या आणि नदीमुखांनी भरलेला आहे. पर्ल नदीच्या मुखाशी ग्वांगझू (कॅंटन) हे बंदर असून त्या काळी युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये व्यापारासाठी हे एकच बंदर खुले होते. चहा, रेशीम, मीठ, तांदूळ, कापूस आणि अफू यांची वाहतूक याच पाण्यातून होत असे. मुंबईहून कापूस व अफू घेऊन जाणारी जहाजेही याच मार्गाने ग्वांगझूला पोहोचत.

या किनाऱ्यावर तांका नावाचा, होड्यांवरच जन्मणारा आणि होड्यांवरच मरणारा समाज राहत असे. जमिनीवरील लोक त्यांना हलके मानत. त्यांना परीक्षा देऊन सरकारी पद मिळवण्याची मुभा नव्हती आणि किनाऱ्यावर घर बांधणेही दुरापास्त होते. मासेमारीचा हंगाम संपला की पोटासाठी लहानसहान लुटालूट करणे, हे अनेक गरीब कोळी कुटुंबांच्या वार्षिक चक्राचाच भाग बनले होते. होडीवर सारे कुटुंब एकत्र राहत असल्याने स्त्रियाही वल्ही मारत, सुकाणू धरत आणि वेळ पडली तर लढत. युरोपीय जहाजांवर स्त्रियांना सहसा मज्जाव असे; दक्षिण चीनमध्ये मात्र गलबतावर स्त्रीचे असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. झेंग यी साओचे नेतृत्व समजून घेताना ही पार्श्वभूमी महत्त्वाची ठरते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएतनाममधील ताय सोन राजवटीने या किरकोळ चाच्यांना हाताशी धरले. राज्यासाठी चाललेल्या यादवी युद्धात तिला आरमार हवे होते. तिने चिनी चाच्यांना जहाजे, शस्त्रे, हुद्दे आणि सुरक्षित बंदरे दिली. त्या बदल्यात ते चिनी किनारा लुटून लुटीचा वाटा देत. या आश्रयाखाली किरकोळ टोळ्यांची शिस्तबद्ध दले झाली. इ.स. १८०२ मध्ये न्गुयेन आन्ह याने ताय सोन राजवट उलथवून टाकली आणि चाच्यांचा आश्रय संपला. लढाईत तरबेज, पण बंदर गमावलेली ही दले ग्वांगदोंगच्या पाण्यात परतली.

प्रारंभिक जीवन व विवाह

झेंग यी साओचा जन्म ग्वांगदोंगमधील शिनहुई भागात झाला असे मानले जाते. तिच्या बालपणाविषयीची माहिती अत्यंत तुटपुंजी आहे. ग्वांगझूच्या तरंगत्या वेश्यागृहांपैकी एका होडीवर ती काम करत असे, अशी परंपरागत माहिती आहे. या होड्यांवर व्यापारी, अधिकारी आणि चाचे सर्वांचीच ये-जा असे.

इ.स. १८०१ मध्ये तिचा झेंग यीशी विवाह झाला. झेंग घराणे अनेक पिढ्यांपासून चाचेगिरीत होते. झेंग यी आणि त्याचा चुलत भाऊ झेंग छी हे दोघेही ताय सोन राजवटीच्या सेवेत होते. इ.स. १८०२ मध्ये झेंग छी मारला गेल्यावर त्याचे दल झेंग यीकडे आले. या दांपत्याला दोन मुलगे झाले, थोरला इ.स. १८०३ मध्ये व धाकटा इ.स. १८०७ मध्ये जन्मला.

याच कुटुंबात आणखी एक व्यक्ती होती. झांग बाओ हा शिनहुईचाच एका कोळ्याचा मुलगा. इ.स. १७९८ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, झेंग यीने त्याला पकडून आणले. त्याची हुशारी पाहून झेंग यीने त्याला मुलगा मानले आणि थोड्याच काळात एका जहाजाचे प्रमुखपद दिले. हाँगकाँग परिसरात तो चेउंग पो त्साई या नावाने प्रसिद्ध आहे.

संघाची स्थापना

व्हिएतनामहून परतलेल्या टोळ्या सुरुवातीस एकमेकींशीच झगडू लागल्या. इ.स. १८०५ मध्ये झेंग यीने सात प्रमुख सरदारांमध्ये लेखी करार घडवून आणला. प्रत्येक जहाजाची नोंद व्हावी, एका दलाच्या जहाजाने दुसऱ्याच्या शिकारीवर हक्क सांगू नये, परवाना घेतलेल्या व्यापाऱ्याला कोणी लुटू नये आणि आपसांतील तंटे एकत्र बसून मिटवावेत, असे त्याचे स्वरूप होते. एक सरदार लवकरच सरकारला शरण गेला आणि उरलेल्या सहा दलांना तांबडा, काळा, पांढरा, हिरवा, निळा आणि पिवळा असे निशाणाचे रंग मिळाले. तांबड्या निशाणाचे दल सर्वांत मोठे असून ते स्वतः झेंग यीकडे होते. काळ्या निशाणाचा प्रमुख ग्वो पोदाय होता.

संघाच्या आकाराविषयी इतिहासकारांचे अंदाज भिन्न आहेत. माणसांची संख्या चाळीस हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत सांगितली जाते. लहान होड्यांचा वापर नद्या व खाड्यांमध्ये शिरण्यासाठी होई, तर मोठी जंक जातीची गलबते तोफा घेऊन खुल्या समुद्रात फिरत. या उभारणीत झेंग यी साओचा सहभाग होता आणि सरदारांना एकत्र आणण्यात तिने पतीला साहाय्य केले, असे अभ्यासक मानतात.

वैधव्य आणि नेतृत्व

१६ नोव्हेंबर १८०७ रोजी झेंग यीचा मृत्यू झाला. तो वादळात जहाजावरून पडला असे एक वृत्त सांगते, तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर तोफेचा गोळा लागून मेला असे दुसरे. त्याची पत्नी त्या वेळी सुमारे बत्तीस वर्षांची होती. धाकटा मुलगा तान्हा होता. संघ एका माणसाच्या वजनावर उभा असल्याने तो मोडण्याची चिन्हे होती.

तिने प्रथम पतीच्या नातलगांचा, विशेषतः दिवंगत झेंग छीच्या कुटुंबाचा पाठिंबा मिळवला. त्यानंतर पतीशी एकनिष्ठ असलेल्या सरदारांना आपल्या बाजूला वळवले. तांबड्या निशाणाच्या दलाचे प्रत्यक्ष सेनापतिपद मात्र तिने स्वतःकडे न ठेवता झांग बाओकडे सोपवले. दत्तकपुत्र असल्याने घराण्याचा वारसा त्याच्याकडे होता, आणि सामान्य खलाशांतून वर आलेला असल्याने दलाचा त्याच्यावर विश्वासही होता. दोघांमध्ये लवकरच पतिपत्नीचे नाते निर्माण झाले. आई आणि दत्तकपुत्र यांचे असे नाते चिनी नीतिकल्पनांना मान्य नव्हते. परंतु नातेसंबंधांच्या आधारे सत्ता बांधून ठेवण्याची गरज तिच्या दृष्टीने मोठी होती.

रोजच्या मोहिमा झांग बाओ चालवी. मोठे निर्णय, दलांतील समन्वय आणि हिशेब तिच्या हाती होते. समकालीन चिनी वृत्तांतांनुसार झांग बाओ प्रत्येक महत्त्वाची गोष्ट तिला विचारूनच करत असे.

कायदे आणि कैदी

संघात कडक नियम होते. हुकमाविना किनाऱ्यावर जाणाऱ्याचे कान सर्व दलासमोर छेदले जात आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास देहदंड होई. लुटीचा सर्व माल आधी नोंदवावा लागे. दहा भागांपैकी दोन भाग तो मिळवणाऱ्याला मिळत आणि आठ भाग सामाईक कोठारात जात. कोठारातील वस्तू चोरणाऱ्याला मृत्युदंड होता. पकडलेल्या स्त्रीवर बलात्कार करणाऱ्यालाही मृत्युदंड होता.

हे नियम झेंग यी साओने केले असे लोकप्रिय लेखनात सर्वत्र आढळते. युआन योंगलुन या चिनी लेखकाने इ.स. १८३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात मात्र त्यांचे श्रेय झांग बाओला दिलेले आहे.

या नियमांवरून चाच्यांचे राज्य स्त्रियांसाठी सुरक्षित होते असा निष्कर्ष काढता येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मार्क्विस ऑफ ईली या जहाजावरील अधिकारी रिचर्ड ग्लासपूल हा सप्टेंबर १८०९ मध्ये काही खलाशांसह चाच्यांच्या हाती सापडला आणि अकरा आठवड्यांहून अधिक काळ त्यांच्या कैदेत राहिला. त्याने लिहिलेला वृत्तांत हा या संघाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रत्यक्षदर्शी पुरावा आहे. एका गावावरील हल्ल्यात सुमारे अडीचशे स्त्रिया पकडल्या गेल्या. पाय बांधण्याच्या प्रथेमुळे त्यांना पळता आले नाही. नातलगांनी खंडणी भरून शंभरेक स्त्रियांना सोडवले. उरलेल्यांना प्रत्येकी चाळीस डॉलरला चाच्यांनाच विकण्यात आले. विकत घेणाऱ्याची ती विधिवत पत्नी ठरे आणि तिला टाकून देणाऱ्याला देहदंड होई. अनेक स्त्रियांनी पाण्यात उड्या टाकून जीव दिला. नियम होता तो बेशिस्तीविरुद्ध; स्त्रीचा व्यापार मात्र नियमाच्या चौकटीतच चालत होता.

ग्लासपूलने चाच्यांच्या दैनंदिन जीवनाचीही नोंद केली आहे. त्यांची घरे म्हणजे त्यांची गलबतेच होती आणि बायकामुले सोबत राहत. धान्याची टंचाई झाली की भाताबरोबर अळ्या उकडून खाल्ल्या जात. लढाईच्या वेळी सरदाराच्या पत्नीने ग्लासपूलच्या अंगावर लसणाचे पाणी शिंपडले, कारण त्यामुळे गोळी लागत नाही अशी त्यांची समजूत होती. शत्रूच्या प्रत्येक कापलेल्या शिरामागे बक्षीस दिले जाई. रोख रक्कम, कापड, अफू, बंदुकीची दारू आणि दुर्बीण अशी खंडणी भरून डिसेंबर १८०९ मध्ये त्याची सुटका झाली.

परवान्यांची व्यवस्था

संघाचे खरे बळ लुटीपेक्षा नियमित उत्पन्नात होते. व्यापाऱ्यांनी व कोळ्यांनी ठरलेली रक्कम भरून शिक्क्याचा परवाना घ्यायचा आणि समुद्रात चाच्यांनी अडवल्यास तो दाखवायचा, अशी पद्धत होती. परवाना असलेल्या जहाजाला हात लावणाऱ्या चाच्याला शिक्षा होई आणि नुकसान भरून दिले जाई. सुरुवात मिठाच्या वाहतुकीपासून झाली. इ.स. १८०५ पर्यंत ग्वांगदोंगमधील मिठाच्या २७० सरकारी गलबतांपैकी चार सोडून बाकी सर्व चाच्यांच्या ताब्यात किंवा संरक्षणाखाली गेली होती. पुढे तांदूळ, मासळी आणि इतर मालावरही हाच कर बसला. वसुलीसाठी किनाऱ्यावरील गावांत, मकावमध्ये आणि खुद्द ग्वांगझूतही संघाचे हस्तक होते.

मराठी इतिहासाच्या वाचकाला ही पद्धत परिचित वाटेल. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज आपल्या परवान्याविना फिरणारी जहाजे पकडत, आणि कान्होजी आंग्रे यांनीही मराठी पाण्यातून जाणाऱ्या जहाजांवर दस्तकाची सक्ती केली होती. इंग्रजांनी आंग्रे यांना चाचे म्हटले, मराठ्यांच्या दृष्टीने ते सरखेल होते. समुद्रावरील कर आणि खंडणी यांतील फरक पुष्कळदा वसूल करणाऱ्याच्या मागे मान्यताप्राप्त राज्य आहे की नाही, यावर ठरत असे. झेंग यी साओच्या मागे असे राज्य नव्हते.

इ.स. १८०८–१८०९ मधील संघर्ष

इ.स. १८०८ मध्ये छिंग आरमाराने तिच्यावर अनेक मोहिमा काढल्या. त्यांतील बऱ्याच फसल्या आणि प्रांताच्या आरमाराची निम्म्याच्या आसपास जहाजे नष्ट झाली किंवा चाच्यांच्या हाती गेली. अधिकारी समुद्रात जाण्यास कचरू लागले.

इ.स. १८०९ मध्ये बाय लिंग हा ग्वांगदोंग व ग्वांगशी या दोन प्रांतांचा व्हाइसरॉय म्हणून आला. त्याने लढाईपेक्षा उपासमारीचा मार्ग स्वीकारला. किनाऱ्यावरील जलवाहतूक थांबवून मीठ खुष्कीच्या मार्गाने नेण्यास सुरुवात केली, चाच्यांना धान्य व दारूगोळा पुरवणाऱ्यांवर कडक कारवाई केली आणि गावोगावी स्थानिक पथके उभारली. समुद्रात शिकार मिळेनाशी होताच चाचे पर्ल नदीतून आत शिरले. ऑगस्ट ते ऑक्टोबर १८०९ या काळात नदीकाठची अनेक गावे लुटली व जाळली गेली. गावकऱ्यांनी मातीचे बांध घातले, नदीपात्रात अडथळे उभे केले आणि मिळेल त्या हत्यारांनी प्रतिकार केला. या मोहिमेत सर्वाधिक प्राणहानी सामान्य शेतकरी व कोळी कुटुंबांची झाली.

नोव्हेंबर १८०९ मध्ये लांताऊ बेटाच्या तुंग चुंग उपसागरात दुरुस्तीसाठी थांबलेली तिची गलबते कोंडीत सापडली. मकावहून आलेली पोर्तुगीज जहाजे आणि चिनी आरमार यांनी उपसागराचे तोंड रोखले. झांग बाओ तिच्या मदतीस आला. चिनी सेनापतीने पेटती गलबते वाऱ्यावर सोडून चाच्यांचा काफिला जाळण्याचा प्रयत्न केला. परंतु वारा फिरला, काही पेटती गलबते उलट आली आणि काही चाच्यांनी विझवून सरपणासाठी फोडली. २९ नोव्हेंबर रोजी वारा अनुकूल होताच संपूर्ण काफिला कोंडी फोडून समुद्रात निघून गेला.

शरणागती

लष्करी दृष्ट्या अजिंक्य राहिलेला हा संघ आतून दुभंगला. काळ्या निशाणाचा ग्वो पोदाय झांग बाओच्या वाढत्या अधिकारावर नाराज होता. तुंग चुंग येथे त्याने मदत पाठवली नाही आणि डिसेंबरमध्ये दोघांच्या जहाजांत उघड लढाई झाली. जानेवारी १८१० मध्ये ग्वो पोदाय पाच हजारांहून अधिक माणसांसह सरकारला शरण गेला. त्याला माफी आणि सरकारी हुद्दा मिळाला.

या घटनेने झेंग यी साओला दोन गोष्टी स्पष्ट झाल्या : संघ फार काळ टिकणार नाही, आणि सरकार शरणागतीची किंमत मोजण्यास तयार आहे. फेब्रुवारीमध्ये नदीच्या मुखाशी बाय लिंगबरोबर पहिली भेट झाली; पण झांग बाओला किती जहाजे व माणसे ठेवता येतील, यावर बोलणी फिसकटली. जवळून जाणाऱ्या परदेशी जहाजांमुळे दगाफटक्याचा संशय येऊन चाच्यांचा काफिला निघून गेला.

एप्रिल १८१० मध्ये ती पुन्हा बोलणीस निघाली, परंतु या वेळी जहाजांऐवजी चाच्यांच्या बायकामुलांपैकी सतरा जणांना बरोबर घेऊन. सरदारांचा सल्ला डावलून ती निःशस्त्र ग्वांगझूला गेली आणि थेट बाय लिंगच्या कचेरीत हजर झाली. ज्या शहरातील एका होडीवर तिचे तारुण्य गेले, असे परंपरा सांगते, त्याच शहरात ती आता प्रांताच्या सर्वोच्च अधिकाऱ्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करत होती. व्हाइसरॉयने तिला अटक केली असती तर समुद्रावरचे हजारो लोक सूडाला पेटले असते. सोडून दिले असते तर युद्ध चालूच राहिले असते. तिने आपला जीव धोक्यात घालून त्याच्यासमोर तिसरा मार्ग ठेवला.

२० एप्रिल १८१० रोजी शरणागती पार पडली. १७,३१८ माणसे, २२६ गलबते, १,३१५ तोफा आणि २,७९८ इतर शस्त्रे सरकारच्या स्वाधीन करण्यात आली. झांग बाओला लष्करी हुद्दा मिळाला आणि वीस-तीस गलबतांचा खाजगी काफिला ठेवण्याची परवानगीही मिळाली. सामान्य चाच्यांना लुटीतील आपला वाटा ठेवून गावी परतण्याची किंवा सैन्यात भरती होण्याची मुभा मिळाली. झेंग यी साओ आणि झांग बाओ यांच्या विवाहाला अधिकृत मान्यता देण्यात आली.

या तडजोडीला दुसरी बाजूही होती. शरण न गेलेल्या दलांवर सरकारने लगेच मोहीम काढली आणि त्या मोहिमेत झांग बाओ आपल्या जुन्या साथीदारांविरुद्ध लढला. निळ्या निशाणाचा प्रमुख वू शीअर इ.स. १८१० च्या उन्हाळ्यात पकडला जाऊन मारला गेला. इतर दले शरण गेली किंवा पांगली. ज्या गावांची राखरांगोळी झाली होती, त्यांना न्याय मिळाल्याची नोंद नाही.

उत्तरायुष्य

झांग बाओची पुढे फूज्यान प्रांतात बदली झाली आणि त्याला बढत्याही मिळाल्या. इ.स. १८१३ मध्ये या दांपत्याला मुलगा झाला. माजी चाच्यांना उच्च पदे देण्यास काही अधिकाऱ्यांचा विरोध होता. त्यांपैकी लिन झेशू याने इ.स. १८२० मध्ये बादशहाकडे तक्रार करताना झांग बाओच्या बढतीबरोबरच झेंग यी साओला मिळालेल्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या किताबावरही आक्षेप घेतला. पुनर्विवाह केलेल्या विधवेला असा मान देऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. हजारो लोकांची खंडणीखोर म्हणून तिला माफी मिळाली होती, परंतु पुनर्विवाहित विधवा म्हणून ती आक्षेपार्ह ठरली.

इ.स. १८२२ मध्ये झांग बाओ मरण पावला. दुसऱ्यांदा विधवा झालेली झेंग यी साओ इ.स. १८२४ मध्ये मुलासह ग्वांगदोंगला परतली. तिने तेथे जुगाराचा अड्डा चालवला असे सांगितले जाते. इ.स. १८४० मध्ये ती पुन्हा एकदा सरकारी दफ्तरांत दिसते. झांग बाओने इ.स. १८१० मध्ये जमीन खरेदीसाठी दिलेले २८,००० ताएल चांदीचे धन एका अधिकाऱ्याने हडप केले, अशी फिर्याद तिने दाखल केली. हा अर्ज ज्याच्यापुढे आला तो लिन झेशूच होता. अफूबंदीसाठी प्रसिद्ध झालेल्या या अधिकाऱ्यामागे त्या वेळी इंग्रजांशी सुरू झालेले युद्ध होते. तिची फिर्याद फेटाळली गेली. इ.स. १८४४ मध्ये, सुमारे ६९ व्या वर्षी, तिचे निधन झाले.

आख्यायिका आणि वस्तुस्थिती

युआन योंगलुनच्या वृत्तांताचा कार्ल फ्रीडरिश नॉयमान याने केलेला इंग्रजी अनुवाद इ.स. १८३१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या शतकात युरोपीय लेखकांनी त्यात मनाजोगी भर घातली. पहिल्या अफू युद्धात तिने लिन झेशूला सल्ला दिला, ही कथाही प्रचलित आहे. ज्याने तिचा किताब आणि तिची फिर्याद दोन्ही नाकारले, त्याच्याशी असलेले तिचे संबंध पाहता ती संभवनीय वाटत नाही. चिनी दफ्तरांच्या आधारे तिच्या जीवनाची पद्धतशीर मांडणी अमेरिकन इतिहासकार डायन मरे यांनी इ.स. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली.

इतर स्त्रिया आणि मराठी संदर्भ

सोळाव्या शतकातील आयर्लंडची ग्रेस ओमॅली आणि मोरोक्कोतील तेतुआन शहराची अधिपती सय्यदा अल हुर्रा या दोघींनीही जहाजांच्या तांड्यांवर हुकमत गाजवली. दोघींमागे जमिनीवरील सत्ता होती. इ.स. १७२० मध्ये जमैकात खटला चाललेल्या ॲन बॉनी आणि मेरी रीड या एका लहान जहाजावरील चाचे होत्या आणि लढताना पुरुषी वेश करत. झेंग यी साओला वेश पालटावा लागला नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर चाचेगिरीचे नेतृत्व करणारी स्त्री नोंदलेली नाही. कोळी समाजात समुद्रावर पुरुष जात आणि मासळीचा व्यवहार स्त्रिया सांभाळत, अशी कामाची विभागणी होती. तथापि, झेंग यी साओच्याच पिढीत आंग्रे घराण्यातील सकवारबाई यांनी खांदेरीचा जलदुर्ग लढवला. त्यांचे पती जयसिंग आंग्रे हे शिंद्यांच्या पाठबळावर चालून आलेल्या बाबूराव आंग्रे यांच्या कैदेत होते. पतीच्या सुटकेच्या वचनावर सकवारबाईंनी किल्ला सोडला. वचन पाळले गेले नाही, जयसिंग मारले गेले आणि त्या स्वतः कैदेत पडल्या. शरणागतीच्या अटी पाळल्या जातील याची हमी काय, हा प्रश्न दोघींपुढे सारखाच होता. सकवारबाईंकडे एक किल्ला होता, झेंग यी साओच्या मागे समुद्रात उभा असलेला काफिला होता.

दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई याही तिच्या समकालीन. इ.स. १८२७ मध्ये वैधव्य आल्यावर त्यांनी दत्तकपुत्राच्या नावे ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतला, पण इ.स. १८३३ मध्ये त्याच दत्तकपुत्रामुळे त्यांना राज्य सोडावे लागले आणि निर्वासनातील काही वर्षे त्यांनी नाशिकला काढली. विधवेची सत्ता दत्तकाच्या नावाने चालते आणि दत्तक वयात येताच संपते, हा अनुभव मराठी संस्थानांत वारंवार आला. झेंग यी साओने विवाहाच्या मार्गाने ही अडचण टाळली.

चाचेगिरीच्या बंदोबस्ताच्या निमित्ताने ईस्ट इंडिया कंपनीने इ.स. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले घेतले. दोन वर्षांच्या अंतराने चीनच्या व कोकणच्या किनाऱ्यांवरील खाजगी आरमारांचा काळ अशा रीतीने सरत आला.

साहित्य, चित्रपट आणि स्मृतिस्थळे

अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांनी इ.स. १९३५ च्या कथासंग्रहात तिच्यावर एक कथा लिहिली. त्या कथेवरून सुचलेला एर्मानो ओल्मी या इटालियन दिग्दर्शकाचा चित्रपट इ.स. २००३ मध्ये आला. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन मालिकेतील इ.स. २००७ च्या चित्रपटात मिस्ट्रेस चिंग नावाचे पात्र आहे. हाँगकाँगच्या च्युंग चाऊ बेटावरील एक गुहा झांग बाओने खजिना लपवण्यासाठी वापरली असे सांगितले जाते आणि ती पाहण्यासाठी पर्यटक जातात. त्या गुहेला त्याचेच नाव आहे.